डेकखाली कायोटी: आपल्या ग्रुपवरचं बोलणं

(नेपरव्हिल, शिकागोजवळ. फेब्रुवारीतला मंगळवार. कायोटी म्हणजे इथला कोल्ह्यासारखा दिसणारा जंगली प्राणी, डेक म्हणजे घरामागचा लाकडी ओटा. मानसी जनावरांची डॉक्टर.)

वैदेही: आज सकाळी आठला, आमच्या कपड्यांच्या ड्रायरची गरम हवा बाहेर पडते तिथे भिंतीला चिकटून एक जनावर बसलं होतं. आधी वाटलं कुणाचा तरी कुत्रा सुटलाय. नीट बघितलं तर कायोटी! शेपटीला केसच नाहीत, उंदरासारखी नुसती शेपटी. डोळे खपल्यांनी अर्धे मिटलेले. मुलं पलीकडेच बसची वाट बघत उभी होती. छातीत धस्स झालं.

नितीन: दिवसाढवळ्या घराशी आला म्हणजे पिसाळलेलाच असणार. सरळ ९११ ला, तातडीच्या मदतीला, फोन लावा.

सुलभाकाकू: वैदेही, फोटो बघितला. ही लूत आहे गं. साताऱ्याला आमच्या आळीतल्या कुत्र्यांना अशीच लागायची. बिचारं खाजवून खाजवून मरतं.

वैदेही: काकू, मला बघवेना. कालच्या चिकनचे तुकडे आणि दोन पोळ्या डेकवर ठेवल्यात.

मानसी: वैदेही, ते आधी उचल, हातमोजे घालून. तुझ्या मनातलं कळतंय मला, पण उचल. क्लिनिकमधून आले की सगळं लिहिते.

मानसी: आत्ता मोकळी झाले. मोठा मेसेज आहे, पण सगळ्यांनी वाचा.

काकू म्हणतात तेच, लूत. सार्कोप्टीस नावाचा किडा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. मादी कातडीत बोगदा पोखरत जाते आणि आत अंडी घालते, ती तीन-चार दिवसांत फुटतात. जनावर खाजवतं, केस जातात, कातडी जाड होऊन खपल्या धरते, त्यात जंतू शिरतात. केस गेले की शिकागोच्या थंडीत अंगात ऊब राहत नाही. रात्री शिकार करायची ताकद उरत नाही, म्हणून दिवसा उन्हाला येतो, डेकखाली शिरतो, ड्रायरच्या हवेशी बसतो. नितीनदादा, नुसतं दिवसा दिसणं म्हणजे रेबीज नव्हे. निरोगी कायोटीही दिवसा फिरतात. इलिनॉयमध्ये रेबीज सापडतो तो मुख्यतः वटवाघळांत. तरी कोणतंही जंगली जनावर चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. त्यात हयगय नको.

आता माणसांचं. हा किडा आपल्या कातडीत शिरू शकतो, पुरळ उठतं, खाज सुटते. पण आपल्या अंगावर त्याचा वंश वाढत नाही, थोड्या दिवसांत तो मरतो. माणसाची खरूज माणसाकडून माणसाला लागते, तो याच किड्याचा वेगळा प्रकार. अंगणापलीकडून बघून काही होत नाही. खरी वाट आहे आपल्या कुत्र्यांमधून. कायोटी जिथे लोळला तिथे आपला कुत्रा लोळला की किडे घरात, सोफ्यावर, मुलांच्या हातांवर.

प्रसाद: मानसी, आमचा शेरू चार दिवस कान खाजवतोय. आणि माझ्या मनगटावर, पोटावर लाल ठिपके आलेत.

मानसी: प्रसाद, उद्या सकाळीच आण. कानाची कड आणि कोपर बघते, तिथूनच सुरुवात होते. कातडी खरवडून किडा दर वेळी सापडत नाही, तरी औषध सुरू करतो आपण. औषधं चांगली आहेत, शेरू बरा होईल. त्याचं अंथरूण गरम पाण्यात धू, ड्रायर पूर्ण तापवून वाळव. तुझे ठिपकेही डॉक्टरांना दाखव आणि घरात कुत्रा आहे हे आवर्जून सांग.

सुलभाकाकू: आमच्या लहानपणी घरात खरूज आली की सगळ्यांना एकदम गंधकाचं मलम. एकट्याला लावून भागायचं नाही.

मानसी: अगदी बरोबर काकू. शेरूबरोबर घरातल्या बाकीच्या कुत्र्यांनाही औषध लागेल.

नितीन: मग मांसात गोळी घालून त्या कायोटीलाच दिली तर? इंटरनेटवर बरेच जण तसं करतात.

मानसी: नको दादा, अजिबात नको. ती गोळी कोण खाईल, किती खाईल, आपल्या हातात नाही. कॉली जातीच्या कितीतरी कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन, म्हणजे त्या गोळीतलं किडे मारायचं औषध, जास्त गेलं तर ते जिवावर बेततं, आणि आपल्या रस्त्यावर दोन कॉली आहेत. शिवाय एकाच ठिकाणी खाणं ठेवलं की आजारी आणि धडधाकट कायोटी तिथेच गोळा होतात, आणि लूत पसरते. कॅनडात एडमंटनला अभ्यास झालाय, तिथे उघड्या कंपोस्टच्या ढिगांवर येणाऱ्यांत आजारी कायोटी जास्त दिसले.

एक गोष्ट मला फार लागते. १९०५ मध्ये मोंटानात कायदाच झाला होता, लांडगे आणि कायोटी पकडायचे, त्यांना मुद्दाम लूत लावायची आणि परत सोडायचे. संपवायला. आज डेकखाली कुडकुडणारं जनावर बघते तेव्हा ते आठवतं.

वैदेही: मग आपण काहीच करायचं नाही?

मानसी: करायचं ना. जंगली जनावरांवर उपचार करणाऱ्या परवानाधारक केंद्राला मी फोन केलाय. तू फोटो, वेळ, जागा पाठव. थोडीशी लूत असलेले कायोटी कधीकधी आपले आपण सावरतात, जास्त असेल तर पकडून औषध द्यावं लागतं, आणि केस पुन्हा येतात. तोवर सगळ्यांनी कंपोस्टला झाकण, पक्ष्यांचे सांडलेले दाणे रोज झाडायचे, कुत्रा पट्ट्यावरच. समोर आलाच तर पळायचं नाही, मोठ्याने ओरडायचं, हात वर करून मागे सरकायचं. अमेरिका-कॅनडात कायोटींमुळे माणूस मेल्याच्या नोंदी दोनच, १९८१ ची आणि २००९ ची. तरी लहान मुलं एकटी नकोत.

वैदेही: बरं. पोळ्या उचलल्या. डेकखाली टॉर्च मारली, वाळक्या पानांत गोल खळगा पडलाय, त्यात करडे केस. आज रात्रीच जाळी ठोकू का?

मानसी: थांब. तो आत असताना जाळी लागली तर कोंडून मरेल. पहाटे बर्फ पडणार आहे. पावलं फक्त बाहेर जाणारी दिसली तरच ठोक. पण मार्चअखेर ठोकच, एप्रिलमध्ये पिल्लं होतात.

वैदेही (बुधवार, ६:४०): पावलं बाहेर गेलीत, कुंपणाकडे. उजवा मागचा पाय ओढत गेलाय. फोटो केंद्राला पाठवला. प्रसाद, तुझा ड्रिल घेऊन ये.