स्वतः बनवलेलं गाडीचं ऑटो एसी: तापमान झोके खातं, सेल्फ मारला की ८५ अंश दाखवतं

जुनी_सेडान:
नमस्कार मंडळी. बाबांची जुनी गाडी आता मी चालवतो. एसी आहे, पण सगळा हातचा कारभार. गरम-गारचा नॉब केबलने झडप ओढतो, ब्लोअर चार स्पीडचा. आई मागे बसते, तिला संधिवात आहे. दर दहा मिनिटांनी "गुडघे गारठले रे" आणि थोड्या वेळाने "आता उकडतंय". रस्त्यावरची नजर काढून सारखा नॉबकडे हात न्यायचा हे मला पटेना, म्हणून तीन महिने रात्री बसून हे उभं केलं.

आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम घालता येतो असा छोटा बोर्ड), तीन डीएस१८बी२० तापमान सेन्सर: एक डॅशबोर्डवर, एक मधल्या व्हेंटमध्ये, एक बंपरच्या मागे. केबल काढून झडपेच्या दांड्याला गिअर मोटर बसवली, सोबत ५ किलोओहमचा पॉट (फिरेल तसा रोध बदलणारा), म्हणजे झडप कुठवर आली ते कळतं. ब्लोअर मॉसफेटवर (इलेक्ट्रॉनिक स्विच). कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा-सोडणारा) रिलेवर आणि तो रिले थेट नॅनोवर.

चालतंय, पण २४ लावलं तर गाडी २१ ते २७ मध्ये झोके खाते. पीआयडीचे (हवं ते आणि असलेलं तापमान यातला फरक बघून झडप किती हलवायची ते ठरवणारं गणित) आकडे बदलून थकलो. कधीकधी सेल्फ मारला की डिस्प्लेवर एकदम ८५ येतं आणि ब्लोअर, कॉम्प्रेसर दोन्ही फुल सुटतात. आणि कमी स्पीडला ब्लोअर बारीक शिट्टी मारतो, आईला त्याचाच जास्त त्रास होतो. काय चुकतंय?

तारजोड:
८५ हे तापमानच नाही. डीएस१८बी२० ला नव्याने वीज मिळाली की त्याच्या रजिस्टरमध्ये ८५ बसलेलं असतं. १२ बिटला एक मोजणी पूर्ण व्हायला ७५० मिलिसेकंद लागतात, त्याआधी वाचलं की हाच आकडा हातात येतो. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, तुमचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर तेवढ्यात मान टाकतो, सेन्सर पुन्हा सुरू होतो आणि प्रोग्रामला वाटतं गाडी भट्टी झाली.

पहिलं वाचन फेकून द्या. लायब्ररी -१२७ देत असेल तर वायर सुटलीय, तेही तापमान म्हणून धरू नका. पण खरा इलाज सप्लायचा: इनपुट ६ व्होल्टवर आला तरी ५ देणारा बक-बूस्ट लावा आणि त्याच्या आधी फ्यूज आणि व्होल्टेजचा झटका शोषणारा टीव्हीएस डायोड. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची तार सुटली तर लाइनवर मोठा झटका येतो, त्यात नॅनो एका क्षणात जातो.

कूलिंग_कॉइल:
मी बारा वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करते. झोक्यांवर येतेच, पण तुमचं एक वाक्य वाचून आधी थांबले: "रिले थेट नॅनोवर". हे आजच बदला.

मूळ वायरिंगमध्ये क्लचची वीज प्रेशर स्विच आणि कॉइलच्या (हवा गार करणारी जाळी) थर्मोस्टॅटमधून जाते, आणि ब्लोअर चालू असल्याशिवाय पुढे सरकत नाही. गॅस कमी झाला, प्रेशर वाढलं, कॉइल गोठायला आली, तर क्लचची वीजच तुटते. तिथे कोणाचा प्रोग्राम लागत नाही. तुमचा नॅनो हँग झाला आणि रिले ओढलेलाच राहिला तर? माझ्या स्वतःच्या गाडीत हे झालंय. अर्ध्या तासात व्हेंटमधून वारा यायचा थांबला. ग्लोव्हबॉक्स काढून टॉर्च मारली तर कॉइलच्या पत्र्या दिसतच नव्हत्या, पुढून पांढरी बर्फाची फळी. वितळली तेव्हा पाणी कार्पेटखाली गेलं. कॉम्प्रेसर वाचला, कारण मी वेळेत बंद केला. म्हणून मूळ साखळी जशीच्या तशी ठेवा, तुमचा रिले तिच्यात सिरीजमध्ये घाला. प्रोग्रामला क्लच *बंद* करायचा अधिकार द्या, साखळी ओलांडून चालू करायचा नाही. वॉचडॉगही लावा, म्हणजे नॅनो हँग झाला तर आपोआप रीसेट होईल. आणि काचेवर वारा सोडणारी झडप व ब्लोअरसाठी हाताचा एक स्विच राहू द्या. पावसात काचेवर वाफ धरली आणि नॅनो बंद पडला, तर समोरचं दिसणार नाही.

आता झोके. आंघोळीच्या पाण्यात विसण घालताना आपण हात बादलीत घालतो, न्हाणीघर किती गरम झालं ते बघत नाही. तुम्ही उलट करताय. झडप हलवली की व्हेंटची हवा काही सेकंदांत बदलते, पण सीट, काचा, छप्पर निवायला कित्येक मिनिटं जातात. तोवर पीआयडी झडप टोकाला नेऊन ठेवतं आणि इंटिग्रल (आधीच्या फरकांची बेरीज) साचत जातं. दोन पायऱ्या करा. बाहेरची पायरी केबिन बघून ठरवेल की व्हेंटमधून किती अंशाची हवा हवी, आतली पायरी झडप हलवून तेवढीच हवा देईल. झडप टोकाला लागली की इंटिग्रल गोठवा. अर्ध्या अंशाच्या फरकाला मोटर हलवूच नका.

डॅशबोर्डवरचा सेन्सर मात्र काढाच. तो हवा मोजत नाही, ऊन मोजतो. कंपनीच्या गाड्यांत डॅशबोर्डवर बारीक जाळी दिसते, तिच्यामागून हवा ओढून सेन्सरवरून नेलेली असते. तसा छोटा पंखा तुम्हीही लावा.

तारजोड:
शिट्टीचं राहिलं. नॅनोचा मूळ पीडब्ल्यूएम (स्पीड कमी करायला वीज झपाट्याने चालू-बंद करणं) बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झच्या आसपास असतो, तो कानाला ऐकू येणारच. नॅनोमधला टायमर १ वापरून २० किलोहर्ट्झच्या वर न्या. तेवढ्या वेगाला नॅनोची पिन मॉसफेटचं गेट धड भरू शकत नाही, मध्ये गेट ड्रायव्हर घाला, नाहीतर मॉसफेट तापेल. मोटरला समांतर फास्ट डायोड हवाच. आणि मॉसफेटची हीटसिंक ब्लोअरचे स्पीड ठरवणारी जुनी रेझिस्टर पट्टी होती त्याच भोकात बसवा. ती पट्टी वाऱ्यात ठेवली होती ती गार राहावी म्हणूनच.

जुनी_सेडान:
ताई, तुमचं वाचून त्याच रात्री गाडी काढली नाही. रविवारी मूळ वायरिंग परत जोडलं, रिले सिरीजमध्ये घातला, मग ब्लोअर मुद्दाम बंद करून बघितलं. क्लच लगेच सुटला, तो "टक्" आवाज ऐकून बरं वाटलं.

सेन्सर आता स्टिअरिंगखाली, कॉम्प्युटरच्या ४० मिलिमीटरच्या पंख्यासमोर. दोन पायऱ्यांचा प्रोग्राम लिहिला, काल दुपारच्या उन्हात २३.५ ते २४.६ च्या बाहेर गेलं नाही. बक-बूस्टनंतर ८५ एकदाही आलं नाही. गेट ड्रायव्हर यायचाय, तोवर शिट्टी आहे. आईच्या पायाकडे चौथा सेन्सर लावायचा विचार आहे. ताई, मागच्या पायांकडे जाणाऱ्या डक्टला वेगळी झडप असते का, की पुढच्याच हवेतला वाटा तिकडे जातो?

कूलिंग_कॉइल:
जुन्या गाडीत बहुधा वाटाच जातो. पुढच्या सीटखाली हात घालून बघा, डक्टचं तोंड लागेल. ते नसेल तर मागे पायांशी मुद्दाम पाठवलेली हवाच नाही, मग सेन्सर लावून उपयोग नाही, आधी डक्ट ओढावा लागेल.