कासाब्लांका बघताना तुम्ही कोणाच्या बाजूला होता?

परवा कासाब्लांका, तो १९४२ चा हॉलिवूडचा युद्धकाळातला सिनेमा, चौथ्यांदा बघितला आणि घरात परत तेच जुनं भांडण, इल्सानं जुन्या प्रियकराकडे, त्या क्लबवाल्या रिककडे, राह्यला हवं होतं की नाझींपासून पळणाऱ्या नवऱ्याबरोबर, लाझ्लोबरोबर, विमानात बसली तेच बरोबर. माझा नवरा लाझ्लोच्या बाजूनं, मी कॉलेजात असल्यापासून रिकवाली. पण खरं सांगू का, ह्या खेपेला माझं दोघांकडेही लक्ष नव्हतं, मी सगळा वेळ त्या पोलीस कॅप्टन रेनोकडे बघत होते. इथे जुगार चालतो हे कळून मला धक्का बसलाय म्हणत क्लब बंद करायचा हुकूम देतो आणि तेवढ्यात जुगाराच्या टेबलावरचा माणूस येऊन ह्याचे जिंकलेले पैसे ह्याच्याच हातात ठेवतो! लाझ्लो निसटेल की नाही ह्यावर रिक वीस हजार फ्रँकची पैज लावायला जातो तर हा म्हणतो दहाच कर बाबा, मी गरीब भ्रष्ट अधिकारी आहे. इतका गोड हरामखोर दुसरा बघितला नाही. तर पहिल्यांदा बघताना काय वाटलं आणि आता काय वाटतं ते मोकळेपणी लिहा, परीक्षण नको, अनुभव हवेत. शेवट सगळ्यांना माहितीये असं धरून चाला, ऐंशी वर्षं होऊन गेली, आता कसला स्पॉयलर.

*

मी हॉस्टेलवर बघायला घेतला आणि अर्ध्यात झोपलो, कबूल. सुरुवातीलाच नकाशा, पॅरिस ते मार्से, मग समुद्र ओलांडून ओरान, तिथून आफ्रिकेच्या कडेकडेनं कासाब्लांका, मग लिस्बन, मग अमेरिका, मला वाटलं भूगोलाचा तास लागला. विशी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. खूप नंतर वाचलं की जून १९४० मधे फ्रान्स पडला, अर्ध्याहून जास्त देशावर जर्मन बसले, उरलेल्या भागात मार्शल पेताँचं सरकार, राजधानी विशी, नावाला स्वतंत्र, आणि मोरोक्को त्यांच्याच अखत्यारीत. हे डोक्यात घेऊन परत बघितला तेव्हा एकेक गाठ सुटत गेली. रेनो जर्मनांपुढे एवढा वाकतो का, तरी जर्मन मेजर स्ट्रासरला लाझ्लोला सरळ उचलून का नेता येत नाही, आणि शेवटी पाण्याची बाटली उघडून लेबल बघून रेनो ती कचऱ्यात टाकून डब्याला लाथ का मारतो. बाटलीवर विशी लिहिलंय! पहिल्यांदा शेवटपर्यंत जागा राह्यलो असतो तर मला वाटलं असतं पाणी खराब निघालं.

*

वर रेनोचं कौतुक वाचलं म्हणून लिहितेय. मी परदेशात कागदांची वाट बघत जवळजवळ दोन वर्षं काढलीत, कारण लिहित बसत नाही, पण आपण आपली फाईल झालेलो असतो एवढंच सांगते. त्यामुळे मला हा सिनेमा प्रेमकथा म्हणून दिसतच नाही. मला दिसते ती अ‍ॅनिना, बल्गेरियाहून आलेली नवी लग्न झालेली मुलगी, जी रिकला विचारायला येते की रेनो शब्द पाळतो का. म्हणजे देश सोडायच्या परवान्याच्या बदल्यात तो काय मागतोय ते तिनं मनात मान्य केलेलं असतं, नवऱ्याला कळू न देता. हाच तुमचा गोड हरामखोर. रिक मग तिच्या नवऱ्याला जुगारात २२ नंबरवर पैसे लावायला सांगतो, येतो, परत तिथेच लाव म्हणतो, परत येतो, आणि पैसे घेऊन जा, पुन्हा इथे येऊ नकोस. प्रेक्षक हसतात ह्या सीनला. मी हसते आणि मग रडते. ते म्हातारं जोडपं आठवतंय का, अमेरिकेला जायचं म्हणून एकमेकांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत किती वाजले विचारतात? त्यांची प्रॅक्टिस बघून माझ्या पोटात कालवतं, मुलाखतीला जायच्या आधी मी आरशासमोर अशीच बोलायचे.

*

मला नाही आवडला, मारा दगड. सगळी स्टोरी ज्या देशाबाहेर जायच्या दोन पासांवर उभी आहे ते पास म्हणे कोणीच रद्द करू शकत नाही. असले कागद खऱ्या जगात कधी नव्हतेच, आणि असते तरी जर्मन मेजर ते वाचून या बसा म्हणाला असता? सांगा ना. विमानतळावर धुकं का आहे माहितीये, मागचं विमान खरं नव्हतं, छोटं बनवलेलं होतं आणि ते मोठं वाटावं म्हणून आजूबाजूला बुटकी माणसं उभी केली होती. हे कळल्यापासून मला तो निरोपाचा सीन गंभीरपणे बघताच येत नाही, मी मागची माणसं शोधत बसतो. बाकी संवाद झकास आहेत, तेवढं मान्य.

*

पास खोटे असतील, रडणं खोटं नाही. मार्सेयेजचा, म्हणजे फ्रेंच राष्ट्रगीताचा, सीन परत बघा. जर्मन अधिकारी पियानोभोवती गाणं म्हणतायत, लाझ्लो तरातरा बँडकडे जातो आणि मार्सेयेज वाजवा म्हणतो, आणि बँडवाले आधी रिककडे बघतात. रिक नुसती मान हलवतो. माझ्या मते पिक्चर तिथेच फिरतो, विमानतळावर नाही. त्यात गाताना जिच्या डोळ्यांत पाणी येतं ती इव्हॉन, म्हणजे माद्लेन लबो, ही बाई खरोखर नवऱ्याबरोबर फ्रान्समधून लिस्बनमार्गे पळून आलेली होती. तो नवरा मार्सेल दालिओ ह्याच सिनेमात जुगाराच्या टेबलावर आहे, रेनोच्या हातात पैसे ठेवणारा तोच! स्ट्रासर झालेला कॉनराड फाइट १९३३ मधे जर्मनी सोडून गेलेला, बायको ज्यू होती, आणि हॉलिवूडला येऊन काय करायचं तर नाझींच्याच भूमिका. शूटिंग १९४२ च्या मे ते ऑगस्टमधलं. युद्ध कोण जिंकणार हे सेटवर कोणाला माहीत होतं? मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं तरी अंगावर काटा आला होता, नंतर वाचलं आणि मग तो काटा जायचं नाव घेईना.

*

काटा मलाही आला, पण एक खटकतं ते लिहितो. स्वातंत्र्याचं गाणं कुठे गातायत? मोरोक्कोत, जिथे फ्रेंच स्वतःच दुसऱ्यांच्या उरावर बसलेले. मोरोक्को सुटला १९५६ साली. आणि अख्ख्या पिक्चरमधे नाव घेऊन लक्षात राहील असा एक मोरोक्कन माणूस दाखवा, बाजारात कापड विकणारे, फेझ टोपी घातलेले वेटर, संपलं. सिनेमा वाईट होत नाही ह्यानं, पण मला आता तो सीन बघताना मागच्या भिंतीकडे उभ्या असलेल्यांकडे बघावंसं वाटतं.

*

इल्साबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही अजून. कॉलेजात असताना मला ती फार बावळट वाटायची, दोघांच्या वतीनं तूच विचार कर असं त्या रिकला सांगते म्हणजे काय. बाई, तुला डोकं आहे ना? मग लग्न झालं, एका मोठ्या आजारपणात घरातले सगळे निर्णय माझ्यावर आले, आणि एक दिवस असा आला की कोणीतरी माझ्यासाठी ठरवून टाकावं असं मनापासून वाटलं. त्या दिवसानंतर मी तिला नावं ठेवणं बंद केलं. तिनं केलेलं काय, नवरा छळछावणीत मेला असं कळलेलं, पॅरिसमधे रिक भेटला, आणि पळून जायची वेळ आली तेव्हा कळलं नवरा जिवंत आहे. स्टेशनवर पावसात ती चिठ्ठी, शाई ओघळतीये. रिक वर्षभर दारू पीत रुसून बसला, तिला रुसायला तरी वेळ होता का? इन्ग्रिड बर्गमनला म्हणे शूटिंग चालू असताना विचारावं लागलेलं की माझं प्रेम नक्की कोणावर आहे, कारण स्क्रिप्टच पूर्ण नव्हती, आणि उत्तर आलं दोघांच्या मधलं कायतरी कर. तेच तिच्या चेहऱ्यावर आहे. तसंही लग्न झालेल्या बाईनं प्रियकराकडे जाणं त्या काळच्या हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमात बसलं नसतं, त्यामुळे बिचारीला चॉइस पडद्यावर नव्हता आणि पडद्यामागेही नव्हता.

*

एक गंमत. पश्चिम जर्मनीत १९५२ साली हा लागला तेव्हा स्ट्रासरच काढून टाकला होता, मार्सेयेज गेलं, नाझी गेले आणि लाझ्लो झाला नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ. म्हणजे नुसती प्रेमकथा उरली. आणि आयर्लंड युद्धात तटस्थ, तर त्यांनी १९४३ मधे बंदीच घातली. नुसता रोमँटिक पिक्चर आहे म्हणणाऱ्यांनी ती जर्मन आवृत्ती शोधून बघावी.

*

मी ढोलकी वाजवतो म्हणून रिकच्या क्लबात पियानो वाजवणाऱ्या सॅमबद्दल. सॅम झालेला डूली विल्सन मुळात ड्रमर, पियानो येतच नव्हता, कोणीतरी बाजूला वाजवायचं आणि हा हात हलवायचा. हातांकडे बघू नका, खांद्यांकडे बघा, लय खांद्यात आहे. आणि सॅमला परत वाजव असं जे जगभर म्हणतात ते वाक्य सिनेमात नाहीच्चे, मी त्यावर मित्राकडून पैज जिंकलोय. पण माझं दुःख वेगळं आहे. पॅरिसमधून सॅम बरोबर पळून आला, स्टेशनवर चिठ्ठी त्यानं आणून दिली, दारूच्या रात्री मालकाशेजारी तो बसला, चला बॉस मासे धरायला जाऊ म्हणाला. रिक जाताना काय करतो? क्लब दुसऱ्या क्लबवाल्या फेरारीला विकतो, सॅमला नफ्यातले २५ टक्के मिळतात असं सांगतो. फेरारी म्हणतो मला माहितीये दहाच मिळतात, पण २५ चा माणूस आहे. झालं. इल्साचा निरोप किती मिनिटं चालतो आणि सॅमचा?

*

सॅमचं वाचलं आणि रात्री साडेअकराला शेवटची वीस मिनिटं परत लावली, नवरा आधी कुरकुरला मग शेजारी येऊन बसला. खरंच नाहीये हो. रिक क्लबमधून निघतो, लाझ्लो, इल्सा, रेनो, सगळे निघतात, सॅम कुठेच नाही. नवरा म्हणाला असेल आत, उद्याची गाणी बसवत. आणि हो, अ‍ॅनिनाबद्दल लिहिलंत ना, तो सीनही बघितला. गोड हा शब्द मी मागे घेते, दुसरा सापडेपर्यंत जागा रिकामी ठेवा.