आई-बाबांवरच्या प्रेमाची अनुवादित चित्रपुस्तके कशी निवडावीत?

प्रश्न
माझी मुलगी तीन वर्षांची आहे. लहान मुलांना आई-वडिलांविषयी वाटणाऱ्या प्रेमावरची काही अनुवादित चित्रपुस्तके मी तिला वाचून दाखवली. पण पानोपानी ‘तू मला फार आवडतेस’ एवढेच ऐकून ती उठून जाते आणि मोठ्याने वाचताना मीही अडखळते. दोष विषयाचा आहे की अनुवादाचा?

प्रतिसाद १
बहुधा दोन्हींचा. या वयाचे प्रेम बोलण्यापेक्षा वाट पाहण्यात, रुसण्यात आणि बिलगण्यात अधिक दिसते. मार्टिन वॉडेल यांच्या ‘आउल बेबीज’ (१९९२) मध्ये घुबडाची तीन पिल्ले रात्री जागी होतात तेव्हा आई ढोलीत नसते. थोरली दोघे तर्क लढवत राहतात, धाकटे मात्र प्रत्येक वेळी आपल्याला आई हवी, एवढेच म्हणते, आणि आई परत आल्यावर, अगदी शेवटच्या वाक्यात, त्याच्या तोंडी प्रेमाचा शब्द येतो. अशा पालुपदात अनुवादकाने वैविध्यासाठी शब्द बदलले, तर मुलांना पुढचे वाक्य आधीच म्हणता येत नाही आणि निम्मी गंमत जाते.

प्रतिसाद २
थोडी असहमती नोंदवतो. प्रेमाची उघड कबुलीही रंगते, मात्र तिचा खेळ व्हायला हवा. सॅम मॅकब्रॅटनी यांच्या ‘गेस हाउ मच आय लव्ह यू’ (१९९४) या प्रसिद्ध पुस्तकात छोटा ससा हात पसरून, उड्या मारून आपले प्रेम मोजून दाखवतो आणि मोठ्या सशाचे माप दर वेळी मोठेच निघते.

अनुवाद पारखताना पान कुठे उलटते ते अवश्य पाहावे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येत असल्यामुळे दोन पानांवर विभागलेले वाक्य जसेच्या तसे उतरवले, तर जी गोष्ट पान उलटल्यावर कळायची ती आधीच फुटते. शिवाय अनेक भाषांतील आवृत्त्या एकत्र छापताना चित्रे तशीच ठेवून केवळ काळ्या शाईतला मजकूर बदलण्याची पद्धत आहे. त्यामुळे ठरलेल्या जागेत शब्द कोंबले जातात. तुमचे अडखळणे त्यातूनही येत असेल.

प्रतिसाद ३
रागावलेल्या मुलाचे पुस्तकही घ्यावे. मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) मध्ये आई एकाही चित्रात दिसत नाही, तरी तिने ठेवलेले जेवण मुलगा राक्षसांच्या प्रदेशातून परततो तेव्हा गरम असते. तीन वर्षांच्या मुलीला त्यातले राक्षस कदाचित भीतिदायक वाटतील. आधी आपण चाळून पाहावे.