नोकरी गेली, हप्ते थकले, फोन सुरू: तुम्ही काय केलं?

वाळूजला कारखान्यातली आमची लाइन बंद झाली, पुढच्याच महिन्यात हप्ता बाउन्स. आता वसुलीवाल्यांचे फोन. ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा. ‘कर्ज काढलंच कशाला’ हे ऐकून झालंय, ते नको.

शेंद्रा: मी फोन उचलेना तर त्यांनी थेट गंगाखेडला सासऱ्यांना लावला. म्हातारा माणूस, ‘जावयानं काय केलं बाप्पा’ म्हणत रात्रभर जागा. मग मीच उचलायला लागलो. माझा पहिला प्रश्न ठरलेला: नाव काय, एजन्सी कोणती, बँकेचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. निम्मे तिथंच गळतात. रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ ला पत्रकच काढलं होतं: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, घरच्यांना त्रास द्यायचा नाही. रात्रीच्या कॉलचे स्क्रीनशॉट, सासऱ्यांना आलेला नंबर, सगळं बँकेच्या तक्रार विभागाला मेल केलं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, माहितीला १४४४८ नंबर आहे. माझे फोन चालूच राहिले, सासऱ्यांचे थांबले.

लातूर: आमच्याकडं फोन नाही, माणूसच येतो. ह्यांचं काम सुटलं, बायांच्या गटावर काढलेल्या कर्जाचा हप्ता राहिला, तर ओट्यावर ठाण मांडून बसायचा. चहा पण मागायचा! गटातल्या बायांचे टोमणे वेगळेच.

नांदेड: अ‍ॅपवरून घेतलं असेल तर गोष्टच वेगळी. अ‍ॅपवाल्यांनी माझ्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना माझे फोटो पाठवले, खाली ‘चोर’ लिहून. पैसे भरले तरी मागणं थांबंना. शेवटी १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केली. आधी अ‍ॅपला दिलेल्या परवानग्या काढून घ्या.

परभणी: ‘पोलीस घेऊन येतो’ म्हणला. म्हणलं, या. नुसता हप्ता थकणं दिवाणी मामला आहे. चेक दिलेला असेल अन् चेक बाउन्सच्या कलम १३८ ची नोटीस आली तर मात्र झोपू नका, भरायला १५ दिवसच असतात.

जालना: ‘अर्ध्यात मिटवून टाकू’ म्हणतील. मिटतं, पण सिबिलला, म्हणजे आपल्या कर्जाच्या रेकॉर्डला, ‘सेटल्ड’ लागतं, ‘क्लोज्ड’ नाही. पुढं घराच्या कर्जाला आडवं येतं. बँकेचं लेखी पत्र आल्याशिवाय रुपया टाकू नका, अन् एजंटाच्या यूपीआयवर तर मुळीच नाही.

वाळूज: आज १४४४८ लावतो. लातूरच्या ताई, चहा दिला का मग?

लातूर: दिला की. साखर नव्हती, तसाच पिला.