मदत हवी आहे: घरात ३० वर्षं सिगारेटचा धूर, आता गरोदर मुलगी राहायला येते आहे

नमस्कार. थोडं मोठं लिहिणार आहे, कृपया पूर्ण वाचा.

माझं वय ५४. आयुष्यात एकही सिगारेट ओढलेली नाही. तरी गेल्या महिन्यात स्पायरोमेट्री केली (नळीत जोरात फुंकायला लावतात ती फुप्फुसाची तपासणी) आणि सीओपीडीची (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) सुरुवात असल्याचं निदान झालं. खोकला दोन वर्षं होता. जाईन तिथे एकच प्रश्न, "तुम्ही सिगारेट ओढता का?" मी नाही म्हणायचे आणि विषय तिथेच संपायचा. "घरात कोणी ओढतं का?" हे पहिल्यांदा विचारलं तिसऱ्या डॉक्टरांनी. मला तिथे रडूच आलं.

ह्यांची सवय लग्नाआधीपासूनची, दिवसाला दहा-बारा. खिडकीशी उभे राहून ओढतात. "धूर बाहेरच जातो, आणि ओढणारा मी. मला काही झालं नाही, मग तुला कसं होईल?" असं म्हणतात. माणूस वाईट नाही. माझ्या आजारपणात रात्र रात्र जागलेले आहेत. पण हे त्यांना पटतच नाही. परवा खिडकीची काच पांढऱ्या फडक्याने पुसली, तर फडकं पिवळं-तपकिरी झालं. खिडकीवरचं हे असं, मग माझ्या छातीत काय साचलं असेल?

आता खरी काळजी. मुलगी २९ वर्षांची, सहावा महिना चालू आहे. पुढच्या महिन्यात येईल आणि बाळ चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत इथेच राहील. फोनवर तिने मला सांगितलं की ती स्वतः सहा वर्षं सिगारेट ओढत होती. गरोदर असल्याचं कळलं त्या दिवशी सोडली. तोपर्यंत दोन महिने होत आले होते. तिच्या डॉक्टरांना हे माहीत नाही, कारण प्रत्येक वेळी सासूबाई शेजारी बसलेल्या असतात. मी तिला रागावले नाही. वाईट एवढंच वाटलं की सहा वर्षं तिला हे कुणाला सांगता आलं नाही.

मुलगी येईल तेव्हा ह्यांनी खिडकीत ओढलं तर चालेल का? सोडलेली सिगारेट आता डॉक्टरांना सांगून उपयोग आहे का? आणि ह्यांना सांगू तरी कसं?

प्रतिसाद

ताई, मी श्वसनविकार विभागात परिचारिका आहे. आधी एक सांगते. सीओपीडीला धूळ, चुलीचा धूर, जुना दमा अशीही कारणं असतात, त्यामुळे सगळा दोष सिगारेटचाच, असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण ३० वर्षं बंद घरातला धूर ही लहान गोष्ट नाही. बायकांच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात, तेवढ्याच धुराने त्यांना जास्त त्रास होऊ शकतो.

"ओढणारा मी, तुला कसं होईल" याचं उत्तर १९८१ सालीच मिळालंय. जपानमध्ये हिरायामा यांनी सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षांची माहिती पाहिली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितकं त्या बाईला फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचं प्रमाण जास्त. धूर फक्त तोंडातून सोडलेला नसतो. दोन झुरक्यांच्या मध्ये सिगारेट नुसती जळत असते, त्या टोकाचा धूर कुठूनही गाळून येत नाही, आणि घरात पसरणाऱ्या धुरातला मोठा वाटा त्याचाच. हृदयविकाराचा धोकासुद्धा न ओढणाऱ्या माणसाला अशा धुरामुळे २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो.

म्हणून खिडकी चालणार नाही. पंखा, एक्झॉस्ट, एअर प्युरिफायर, कशानेच सगळा धूर जात नाही. घराबाहेर, दार बंद करून, एवढा एकच नियम. ओढून आल्यावर हात धुणं, शर्ट बदलणं, मगच बाळाला घेणं. पडदे, गाद्या, सोफा यांत निकोटिन मुरलेलं असतं, तेही बाळाजवळ नको. तान्ह्या बाळाच्या झोपेतल्या अचानक मृत्यूशी धुराचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे.

मुलीला सांगा की डॉक्टरांना जरूर सांग. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, आणि बाळाला मिळतं ते तिच्याच रक्तातून. ओढणाऱ्या स्त्रियांत वार (गर्भाशयातला बाळाला पोषण देणारा भाग) खाली असणं, वार वेळेआधी सुटणं हे धोके वाढतात, म्हणून डॉक्टर सोनोग्राफीत जास्त लक्ष देतील. लवकर सोडल्याने बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका बराच कमी झालाय, हेही सांगा, ती घाबरली असेल. वजन आणि बीपी बघायला आत नेतात तेव्हा सिस्टरला हळूच म्हणावं, "मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय." आम्ही नातेवाइकांना बाहेर बसवतो, कारण सांगत नाही.

खरी जपायची वेळ बाळंतपणानंतर. झोप नाही, चिडचिड, त्यात पुन्हा ओढणाऱ्या बऱ्याच असतात, आणि घरात वडिलांचं पाकीट समोर पडलेलं. तिला आणखी एक सांगा. ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात (२०१३) दिसलं की तिशीच्या आत सोडलं तर सिगारेटमुळे ओढवणारा अकाली मृत्यूचा जादा धोका जवळजवळ सगळा टळतो. ती २९ ची आहे. अगदी वेळेत सोडलीय तिने.

प्रतिसाद

मी २२ वर्षं ओढून सोडलेला माणूस. काकू, त्यांच्याशी वाद घालू नका, वाद झाला की आम्ही आणखी एक पेटवतो. मला भाषणांनी काही झालं नाही. बायकोच्या लघवीची कोटिनिन तपासणी केली, त्या कागदाने झालं. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं आणि दोन-चार दिवस सापडतं. तिने कधी सिगारेटला हात लावला नव्हता. सोडताना पहिले तीन-चार दिवस फार जड जातात. निकोटिनचे पॅच आणि च्युइंगम डॉक्टरांना विचारून एकत्र वापरले, त्याने तगलो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मुलीने सिस्टरला सांगितलं, डॉक्टर एकटीशी वीस मिनिटं बोलल्या. फोनवर तिचा आवाज कितीतरी मोकळा वाटला.

कोटिनिनची तपासणी मी केली. कागद ह्यांच्या चष्म्याखाली ठेवला, मी बोलले काहीच नाही. त्यांनी वाचला, वरचं नाव पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "हे तुझं आहे?" मग बराच वेळ तसेच बसले होते. त्या दिवसापासून खाली रस्त्यावर जाऊन ओढतात. सोमवारी व्यसनमुक्ती केंद्रात जायचं कबूल केलंय, मी सोबत जाणार आहे.

पडदे धुतले, भिंतींना रंग देणार आहोत. कापसाच्या गादीचं काय करू? दोन दिवस कडक उन्हात ठेवली तरी नाक लावलं की वास येतो. पिंजून घेऊन चालेल की टाकूनच द्यावी? बाळ तिच्यावर झोपणार आहे म्हणून विचारते.