सोसायटी ग्रुप : औषधपेटीत ॲझिथ्रोमायसिन ठेवायची का?

कुलकर्णी (सचिव): साथीसाठी औषधपेटीची यादी: पॅरासिटामॉल, ओआरएस, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, ॲझिथ्रोमायसिन ५०० या अँटिबायोटिकच्या दहा स्ट्रिप. काही राहिलं असेल तर रात्रीपर्यंत कळवा.

डॉ. मृणाल, बी-३०४: राहिलं काही नाही, एक जास्त झालंय. ॲझिथ्रोमायसिन काढा, काका.

शिंदेकाका, ए-१०१: अहो, कोविडमध्ये सगळ्यांना तीच तर देत होते!

डॉ. मृणाल: देत होते, म्हणून तर ती तपासूनही झाली. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दाखल झालेल्या साडेसात हजारांहून जास्त रुग्णांचे गट पाडले, एका गटाला ती दिली, दुसऱ्याला नाही. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. निकाल २०२१मध्ये छापून आले. घरीच असलेल्या रुग्णांवरच्या प्रिन्सिपल चाचणीतही फायदा दिसला नाही. वर ईसीजीतला क्यूटी लांबतो, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडायची भीती, आणि तेच करणारं दुसरं औषध चालू असेल तर धोका वाढतो.

नीलेश (फार्मासिस्ट), सी-२०२: जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे गट पाडलेत, त्या अवेअर वर्गवारीत ॲझिथ्रोमायसिन 'वॉच' गटात आहे, म्हणजे जपून वापरायची. अमॉक्सिसिलिन 'ॲक्सेस'मध्ये. कोलिस्टिन 'रिझर्व्ह'मध्ये, बाकी काही चालेनासं झालं की मगच.

शिंदेकाका: मग हॉस्पिटलात दाखल केल्या केल्या शिरेतून अँटिबायोटिक लावतात, ते उगाच?

डॉ. मृणाल: सरसकट उगाच नाही. रक्तदाब घसरलाय, सेप्सिसची, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी व्हायला लागल्याची, शंका आहे, तर पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे. पण नुसता ताप, खोकला आणि छातीच्या फोटोत डाग एवढ्यावर नको, ते विषाणूनेही होतं. संघटनेच्या २०२४च्या माहितीनुसार दाखल कोविड रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच जिवाणूंचा संसर्ग होता, अँटिबायोटिक मिळालं चारांतल्या तिघांना. सीआरपीवर, म्हणजे रक्तातल्या सूज दाखवणाऱ्या तपासणीवर, भिस्त ठेवू नका, कोविडमध्ये तो तसाही चढतो. प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारा घटक) ०.२५च्या खाली आणि रुग्ण स्थिर असेल, तर थांबायला धीर येतो. वाढलेलं असलं म्हणून मात्र जिवाणूच, असं नाही. किडनी बिघडली तरी ते वाढतं.

रेवती (मायक्रोबायोलॉजी), बी-१०३: आणि डोसच्या *आधी* ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी. सगळी गडबड इथेच होते. दोन वेगवेगळ्या जागांहून दोन सेट, सेटमध्ये दोन बाटल्या, प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. पीपीई चढवलेला, हात घाईत, मग तीन-चार मिलीवर भागवतात. रक्तात जंतू असतातच विरळ, तेवढ्या रक्तात ते सापडत नाहीत. कातडी पुसून कोरडी होऊ दिली नाही तर कातडीवरचे स्टॅफ जिवाणू बाटलीत जातात, रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येतो आणि रुग्णाला विनाकारण व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू होतं. चार बाटल्यांपैकी एकीतच कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ (कातडीवर नेहमी असणारा प्रकार) आला, तर आधी तो कातडीवरून मिसळल्याची शंका घ्यायची.

शिंदेकाका: पण एकदा सुरू केलं की कोर्स पुरा करायचा असतो ना? अर्धवट सोडलं की जंतू माजतात म्हणे.

डॉ. मृणाल: घरी मनाने सोडू नये, हे बरोबर. वॉर्डात ४८ ते ७२ तासांनी मुद्दाम बसून ठरवायचं असतं: कल्चर निगेटिव्ह, विषाणूची तपासणी पॉझिटिव्ह, रुग्ण स्थिर, तर बंद. जंतू सापडला तर त्याच्यापुरतं नेमकं औषध. गिळता येतंय तर गोळी. आणि थांबायची तारीख केसपेपरवर लिहायची. साध्या न्यूमोनियाला, सुधारणा होत असेल तर, बहुधा पाच दिवस पुरतात. तारीख लिहिली नाही की ड्युटी बदलते आणि औषध आपलं चालूच राहतं.

वैशाली सिस्टर (आयसीयू), ए-४०३: आयसीयूत दुसरी पंचाईत. स्टेरॉइड चालू असलं की ताप दबतो. टोसिलिझुमॅब हे सूज दाबणारं इंजेक्शन दिलं असेल तर सीआरपीही दबतो. म्हणून ऑक्सिजनची गरज अचानक वाढली, श्वासाच्या नळीतून सक्शनने ओढताना घट्ट पिवळा स्राव येऊ लागला, की डॉक्टरांना लगेच सांगायचं. मुळात संसर्गच होऊ नये यासाठी डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, तोंडाची स्वच्छता, आणि लघवीची नळी, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) अजून हवी का हे रोज विचारायचं. साथीत एक चूक हमखास होते: स्वतःच्या बचावासाठी दोन-दोन ग्लोव्हज, आणि तेच घालून पुढच्या बेडला. जंतू फुकटात फिरतात.

रेवती: अगदी! मग श्वासाच्या नळीतल्या स्रावात क्लेबसिएला हा जिवाणू आला की लगेच मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक. अहो, नळीत तो नुसता वस्तीलाही असतो. फोटो, ऑक्सिजन, ताप यांत नवं काहीच नसेल, तर तो रिपोर्ट उपचाराचा नाही. लघवीचंही तेच, त्रास नसताना कल्चर पाठवूच नये.

कुलकर्णी: बरं, ॲझिथ्रो यादीतून काढली. जुन्या पेटीतल्या चार स्ट्रिपचं काय करू?

नीलेश: बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका. औषधं परत घ्यायची सोय असेल तिथे द्या. कुणी 'दोनच गोळ्या द्या' म्हणालं तरी देऊ नका. आणि ऑक्सिमीटरचे सेल काढून वेगळे ठेवा, आत राहिले की गळतात.

कुलकर्णी: कुठले सेल लागतात?

नीलेश: बहुतेकांना ट्रिपल ए, दोन.