पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा खाली का ढकलायची?

तापीकाठ, चोपडा
आमच्या गल्लीतल्या पोरीला यूपीएससीच्या अर्जात सेवांचा पसंतीक्रम भरायचाय. तिला परराष्ट्र सेवा पहिली हवी. घरचे म्हणतात, आधी कलेक्टर, मग एसपी, बाकीचं खाली टाक. मला पोरीचं पटतं. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूरकडच्या अब्दुललाटचे. उपजिल्हाधिकारीपद हातात असताना १९८३च्या तुकडीतून परराष्ट्र सेवेत गेले. टोकियोत जपानी शिकले, मालदीवला उच्चायुक्त, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत, शेवटी परराष्ट्र मंत्रालयात सचिव. खान्देशातून अशी वाट कुणी का धरू नये?

भाऊराव, धुळे
धरावी, पण आपल्या माणसाला काय मिळतं? वनहक्काच्या दाव्यांवर निर्णय देणाऱ्या जिल्हा समितीचा अध्यक्ष कलेक्टर असतो. नंदुरबारला चांगला कलेक्टर आला, की अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर त्याची सही पोचते. तिकडे दूतावासात तिसरा सचिव, म्हणजे सुरुवातीच्या पदावर गेलेली पोरगी आधी भाषेची परीक्षा देणार. राजदूत होईपर्यंत अर्धी नोकरी सरते.

तापीकाठ, चोपडा
भाऊ, पासपोर्टचंच घ्या. जळगावच्या माणसाला त्यासाठी नाशिक गाठावं लागायचं. तिकिटाचे पैसे, बुडालेली मजुरी, आणि एक कागद कमी निघाला की परत फेरी. २०१७पासून पोस्टातच पासपोर्ट केंद्रं निघायला लागली. तेव्हा परराष्ट्र मंत्रालयात पासपोर्टचं काम पाहणारे सचिव मुळेच होते. निर्णय सरकारचा, हे खरं. पण खेड्यातल्या माणसाची फेरी म्हणजे काय, हे कळणारा माणूस त्या खुर्चीत होता. आता जळगावच्याच पोस्टात काम होतं.

केळीबाग, रावेर
आमचा माल आखातात जातो. तिथल्या बंदरात कंटेनर अडला तर कलेक्टर काय करील? दूतावासातला व्यापार पाहणारा अधिकारीच फोन लावतो. तिथं केळीचा घड कापलेलं माणूस असेल तर बरंच.

शिक्षिका, नंदुरबार
मी पोरीच्या आईच्या बाजूने बोलते. माझा भाऊ परदेशात नोकरीला. बाबा गेले तेव्हा तो विमानतळावरच होता, तोंडसुद्धा बघता आलं नाही. दर तीन वर्षांनी देश बदलणार, लेकरांची शाळा बदलणार. पोरीला हे कुणी सांगितलंय का?

तापीकाठ, चोपडा
ताई, नाही सांगितलं. सांगायला हवं.

भाऊराव, धुळे
पासपोर्टचं मान्य. तरी पहिलं नाव मी कलेक्टरचंच लिहीन. पाड्यावरचा माणूस पासपोर्ट मागत नाही, सातबारा मागतो.

तापीकाठ, चोपडा
उद्या संध्याकाळी तिच्या वडिलांकडे बसणार आहोत. भाऊराव, तुम्ही या. हेच तिच्यासमोर बोला.